सोनेरी खुर्चीची तबकडी

दीनानाथ मेस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा दहाव्या मिनिटाला मी त्यांना टेबलासकट बाल्कनीत हाकललं. स्पिरिटच्या वासाने माझं डोकं उठलं होतं. टेबल शिसवी, माझ्या माहेरचं. त्यावर गरम कुकर मीच टेकवला होता आणि नवऱ्याने, रितेशने, टेकवला असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. बिचारा ऐकून घ्यायचा. ताटलीएवढं पांढरं वर्तुळ उठलं होतं आणि कुवेतमधल्या आमच्या एगैला भागातल्या एकाही दुकानाला ते जमेना. शेवटी रितेशच्या ऑफिसातल्या कुणीतरी शेजारच्या महबूला वस्तीत एका खोलीत राहणाऱ्या या कोकणी माणसाचा नंबर दिला.

"लाकूड जळूक नाय, वयनी," ते म्हणाले. "वरचा पॉलिश गेला हा." त्यांनी कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळला, त्यावर थेंबभर स्पिरिट घेतलं आणि वर्तुळावरून असा काही हलका हात फिरवला की मला वाटलं, हा माणूस आपल्याला फसवतोय. पण वर्तुळ गेलं. पॉलिश म्हणजे विरघळवलेली चपडी, लाखेचे पापुद्रे. स्पिरिट लागलं की जुनी चपडी मऊ पडते आणि पुन्हा सपाट बसते, एवढंच त्यातलं शास्त्र. मी पैसे काढायला गेले, तर म्हणाले, उद्या परत येतो. शेवटचा हात राहिलाय. शेवटचा हात मारल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी टेबल उलटं केलं आणि खालच्या बाजूलाही हात मारला.

"खालून कोण बघतंय, दीनानाथ?" मी म्हटलं.

"टेबलाक ठावक आसता," ते म्हणाले.

हे सगळं मी कौतुकाने सांगते आहे असं कुणी समजू नये. या माणसाच्या नीटनेटकेपणाचा मला आता राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो, पण तो पुढे येईलच.

दीनानाथ कुडाळजवळच्या नेरूरचे. एकोणीसशे सत्त्याण्णव साली एका फर्निचर कंपनीच्या कंत्राटावर कुवेतला आले, तेव्हा तीस वर्षांचे होते. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि अठ्ठावीस वर्षं राहिले. बायको, श्यामलाताई, गावी. दोन वर्षांतून एकदा दीड महिना घरी जायचं, घराची कौलं शाकारायची, परत यायचं. आरंभी त्या विचारायच्या, कायमचे कधी येणार? पुढे विचारायच्या बंद झाल्या. "आता मी गेलंय तर तीच माका पाव्हण्यासारखी वागवता. च्या कपबशीतसून देता," असं ते एकदा हसत सांगत होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

कंपनीतही त्यांची गरज संपली होती. आता सगळं लॅमिनेट नाहीतर मशिनचा फवारा. हाताने पॉलिश करणाऱ्या चौघांपैकी तिघांना घरी पाठवलं आणि दीनानाथांना गोदामात खोकी मोजायला ठेवलं. कुवेत शहरातल्या दस्मान भागात एक जुनं घर होतं, तिथले सागवानी दरवाजे ते दर वर्षी थंडीत करून द्यायचे. त्या कामाबद्दल ते असे बोलायचे की जणू मधले अकरा महिने झोपेतच गेले. एरवी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्यासारख्यांची कुकरची वर्तुळं.

आणि शुक्रवारी दुपारी गाणी. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेही माझ्या मुलीमुळे.

लीना तेव्हा बारावीला होती. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. त्या दिवशी दीनानाथ तिच्या खोलीतलं कपाट करत होते आणि ती मोबाइलवर काहीतरी जुनं अमेरिकन गाणं ऐकत होती. पियानो ठोकल्यासारखा वाजत होता आणि एक बाई भांडल्यासारखी गात होती. दीनानाथांचा हात थांबला.

"बाय, ह्या खयचा गाणा? असला माझ्याकडे आसा."

मला वाटलं, काहीतरी बोलताहेत. पुढच्या शुक्रवारी ते उशीच्या अभ्र्यात गाण्यांच्या चार तबकड्या घेऊन आले. जुन्या, जड, पडल्या तर बशीसारख्या फुटणाऱ्या. प्रत्येकीच्या मधोमध वेगळा कागद. कुठे कोंबडा, कुठे मुकुट, कुठे आगगाडी. लीना जमिनीवर बसली ती तासभर उठलीच नाही.

वीस वर्षांपूर्वी अहमदीत तेल कंपनीचा एक जुना बंगला रिकामा करायचा होता. भिंतीतलं कपाट उचकटताना मागे एक लाकडी पेटी निघाली. कुणा अमेरिकन ड्रिलरने पन्नासच्या सुमारास आणलेली आणि विसरलेली असावी. मुकादम म्हणाला, कचऱ्यात टाक. दीनानाथांनी एक तबकडी वाकवून पाहिली, ती मोडली. मोडल्यावर त्यांनी ती नाकाशी धरली, आणि त्यांना वास लागला. चपडी! जिच्यात चपडी आहे ती वस्तू टाकून देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पेटी खोलीवर आली. दोन तबकड्या त्यांनी चपडी सुटी करून घ्यायच्या आशेने स्पिरिटमध्ये भिजत घातल्या, तर त्यात मिसळलेल्या दगडाच्या पुडीचा काळा चिखल झाला. उरलेल्या एक्केचाळीस पलंगाखाली गेल्या. मग शुक्रवारच्या बाजारात जुनं सामान विकणाऱ्या मुझफ्फर नावाच्या पेशावरी माणसाने एका पलंगाच्या पॉलिशच्या बदल्यात त्यांना चावीचा फोनो, म्हणजे जुना ग्रामोफोन, दिला.

खोलीत आठ माणसं. दुपारी सगळे झोपायचे. दीनानाथ फोनोवर गोधडी टाकायचे आणि गोधडीत डोकं घालून ऐकायचे. कुवेतच्या उन्हाळ्यात! इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. गाणी ते कागदावरच्या चित्रांवरून ओळखायचे. कोंबडेवाला रडका आहे, मुकुटवाला दारू पितो, असं.

लीनाने मग त्याचा छडाच लावला. जेवताना ती आम्हाला शिकवायची आणि एकदाची मराठीत बोलायची, कारण बापाला ऐकवायचं असायचं. महायुद्ध संपल्यावर तिकडच्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना काळ्या लोकांच्या गाण्यात फारसा रस नव्हता. तेव्हा ते काम किरकोळ लोकांनी उचललं. कुणी रेडिओ दुरुस्त करणारा, कुणी नाणं टाकून वाजणारी यंत्रं हॉटेलांना पुरवणारा, कुणी फर्निचर विकणारा, कारण फोनो हे तेव्हा फर्निचरच होतं आणि दुकानात खुर्च्यांच्या शेजारी मिळायचं. गॅरेजमध्ये नाहीतर दुकानाच्या मागच्या खोलीत एकच माइक लावायचा. गाणाऱ्याला हातावर काहीतरी टेकवायचं आणि विषय संपवायचा. तीनशे-पाचशे तबकड्या काढायच्या आणि मोटारीच्या डिकीत टाकून गावोगाव विकायच्या. चालली तर दुसरी काढायची, नाही तर दुकान बंद. या गाण्यांना आधी जे नाव होतं ते घेण्यासारखं नव्हतं. एकोणपन्नास साली धंद्याच्या एका साप्ताहिकाने ते बदलून रिदम अँड ब्लूज केलं. अशा शेकडो बारक्या कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या. बऱ्याच गाणाऱ्यांचं नावसुद्धा राहिलं नाही. गाणी राहिली ती कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली.

"आपल्या मेस्त्रींच्या पलंगाखाली," रितेश म्हणाला.

त्या एक्केचाळिसात दीनानाथांची लाडकी एक होती. तिच्या निळ्या कागदावर सोनेरी खुर्ची छापलेली. कंपनीचं नावच गोल्ड चेअर. चालवणारा फर्निचरवाला असणार हे दीनानाथांनी वीस वर्षांपूर्वीच ताडलं होतं, कारण खुर्चीचे पाय, म्हणाले, सुताराने काढलेले आहेत, चित्रकाराने नाहीत. गाणारीचं नाव ओरा बेल टिल्मन. फोनो त्यांच्या आठ माणसांच्या खोलीवर, त्यामुळे आम्ही तिघांनी ते गाणं कधी ऐकलं नाही, फक्त त्यांच्याकडून त्याबद्दल ऐकलं.

"ह्या बाईक घाई नाय," ते सांगायचे. "बाकीचे सगळे गाडी पकडूक निघाल्यासारखे गातत. ही आपली सावकाश. आणि शेवटाक, वयनी, थय खयतरी पोर रडता. बारीक. ही गाता गाताच तेका गप करता. श्श करून. नि परत गाता."

लीनाने त्या निळ्या कागदाचा फोटो काढून जुन्या तबकड्यांच्या कुठल्याशा मंडळाला पाठवला. खाली दीनानाथांनी सांगितलं ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. सावकाश गाणारी बाई, शेवटी रडणारं मूल. चौथ्या दिवशी उत्तर आलं. मंडळाचं नव्हे. मंडळाने तो फोटो आपल्या पानावर टाकला होता, तो पाहिलेल्या व्हर्नेल नावाच्या एका बाईचं. अमेरिकेत मेम्फिसपासून दीड तासावर राहणारी, वय शहात्तर, शाळेतून निवृत्त झालेली.

ओरा बेल तिची आई. व्हर्नेल सव्वा वर्षाची असताना ती वारली. ओरा बेलने आयुष्यात एकच तबकडी केली, पन्नास साली. ती घरात कधी नव्हतीच. मावशीने सांगितलं होतं की गायला जाताना मूल सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून आईने तुला कडेवर घेऊन नेलं आणि तू मधेच रडलीस, आणि फर्निचरवाला म्हणाला, राहू दे तसंच, पुन्हा करायला वेळ नाही. व्हर्नेलने चाळीस वर्षं ती तबकडी शोधली होती. तिच्याकडे आईचा एक फोटो होता, त्यात आईचं तोंड अर्धवट सावलीत. आवाज कसा होता हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

मी ते पत्र दीनानाथांना मराठीत करून वाचून दाखवलं. ते ऐकताना पुढे वाकून बसले होते. मग म्हणाले, "म्हणजे ता पोर ह्या?"

"होय."

"मगे ही प्लेट तिचीच. माझी नाय."

पैशाचं नाव नाही. लीना ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला जाणार होती. तिच्या विद्यापीठात जुन्या तबकड्यांवरचा आवाज उतरवून घ्यायची चांगली सोय होती. ठरलं असं की तबकडी तिने हातातल्या बॅगेतून न्यायची, तिथे आवाज उतरवायचा, आणि व्हर्नेलने तिथे येऊन ऐकायचा. व्हर्नेलने बसचं तिकीटसुद्धा काढलं. विमानाने जायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून अकरा तासांची बस. दर आठवड्याला तिचं दोन ओळींचं पत्र यायचं. गुडघा बरा आहे. निळा ड्रेस शिवायला टाकला आहे.

दीनानाथ त्या चार महिन्यांत बदलले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नेरूरला फोन करून काहीतरी सांगण्यासारखं सांगितलं होतं. श्यामलाताईंनी शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी देवळात सांगितलं. आमच्या मेस्त्रींची वस्तू अमेरिकेक जातली. गोदामातला खोकी मोजणारा माणूस ताठ चालायला लागला. दाढी रोज.

आता माझं.

जुलै अखेरीस त्या विद्यापीठातल्या तज्ज्ञाने लीनाला सूचना पाठवल्या. ती क्लासला होती. तिने मला मेसेज केला, दीनानाथांना लगेच फोन कर. इंग्रजीत तीन गोष्टी होत्या. तबकडी वाजवू नका, लोखंडी सुईने खाच झिजते. तिला काहीही लावू नका, पाणीसुद्धा नाही. आहे तशी, धुळीसकट द्या.

मी कणीक मळत होते. कोपराने फोन लावला. पहिली गोष्ट नीट सांगितली, "सुई लावायची नाही हं आता, अजिबात." ते म्हणाले, बरा. मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यावं असं रितेशच्या मनात होतं, तेही त्यामुळे राहिलं. दुसरी आणि तिसरी गोष्ट मी सांगितली नाही. विसरले असं म्हणता येईल, पण मी विसरले नव्हते. मला ते पटलंच नाही. धुळीसकट द्या म्हणजे काय? परक्या देशात, परक्या बाईच्या हातात, माझी मुलगी घेऊन जाणार. माझ्या आईने शेजारणीचं भांडंसुद्धा कधी न घासता परत केलं नाही. मी म्हटलं, "आणि दीनानाथ, मळकट नका आणू. जरा स्वच्छ-बिच्छ करून आणा. लोक काय म्हणतील?"

"ता काय सांगूक होया, वयनी?" ते म्हणाले.

लीनाच्या विमानाला दोन दिवस होते. शुक्रवार, सकाळचे दहा. बाहेर एवढ्यातच अठ्ठेचाळीस डिग्री. दीनानाथ नवीन शर्ट घालून आले. तबकडी धुतलेल्या धोतराच्या कापडात होती. त्यांनी ती आमच्या टेबलावर ठेवली, कापडाच्या चारही बाजू एकेक करून उलगडल्या आणि मागे सरून उभे राहिले.

इतकं सुंदर काळं मी कधी पाहिलं नाही. वरच्या दिव्याची प्रत्येक कडी तिच्यात दिसत होती. मी म्हणाले, "वा!" हे मी म्हणाले, ते खोडून काढता येणार नाही. "वा, दीनानाथ, काय हात आहे तुमचा!"

ते खूश होऊन सांगायला लागले. पाच रात्री लागल्या. वरची चपडी साफ मेली होती, करडी पडली होती. आधी एका फुटक्या प्लेटवर करून बघितलं, आरशासारखी झाली, तेव्हाच हिला हात लावला. स्पिरिट अगदी थेंबभर, वर पातळ चपडीचे अकरा हात. दोन्ही बाजूंनी. "माका वाटला, करडा गेला म्हणजे खरखरसुदीक जायत. म्हातारेक स्वच्छ आयकाक येयत."

"ती फुटकी वाजवून पाहिली होती का?" रितेशने विचारलं.

"वयनी म्हणाले ना, सुई लावची नाय म्हणान."

लीना पुढे आली. तिने तबकडी कडांनी धरून खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी केली. तबकडीवर उजेड पडला की खाचांचा पंखा चमकतो, तो मीही पाहिला होता. आता उजेड सरळ घसरून गेला. खाचा नव्हत्या. जिथे होत्या तिथे नुसती गुळगुळीत लाट होती. माझ्या टेबलावरचं वर्तुळ ज्या रीतीने गेलं, त्याच रीतीने ओरा बेल टिल्मन गेली.

"व्हॉट डिड ही डू? मॉम, व्हॉट डिड ही डू?" मग ती ओरडलीच, दीनानाथांच्या तोंडावर, आणि मराठीत. "मी सांगितलं होतं ना, काही लावू नका म्हणून! स्पष्ट सांगितलं होतं!"

दीनानाथांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक श्वासभर. त्या नजरेत प्रश्न होता आणि त्याचं उत्तरही त्यांना लगेच मिळालं, कारण मी खाली बघितलं. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. मी उघडलं नाही. माझी मुलगी दोन दिवसांनी जाणार होती, आणि तिने माझा राग घेऊन जावं हे मला सोसवेना. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर मी सांगितलं असतं.

"चूक माझी, बाय," दीनानाथ म्हणाले. "माका सांगलेला. माझोच हात रवलो नाय."

गोधडी टाकून ज्यावर ऐकायचे, तो फोनो दीनानाथ दुपारी टॅक्सीने घेऊन आले. आता गमावायला काही नव्हतं. सुई ठेवली. ती तबकडीवरून सरसर घसरत मधल्या निळ्या कागदावर जाऊन आदळली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सुईच्या टोकाला मऊ काळा गोळा जमला. दुसरी बाजू लावली. तेच. दीनानाथ चावी देत राहिले, शेवटी रितेशने त्यांच्या हातावर हात ठेवला.

लीनाने फोटो पाठवले. तज्ज्ञाने सभ्यपणे उत्तर दिलं. सुई न लावता उजेडाने खाच वाचायचं यंत्रही असतं, पण वाचायला खाच उरावी लागते. इथे भिंतीच वितळून एकमेकींत मिसळल्या आहेत. दुसरी प्रत असल्याची कुठेही नोंद नाही.

व्हर्नेलला पत्र लिहिणं लीनाला जमेना. ती म्हणाली, बोलूनच सांगूया. शनिवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. दीनानाथांना मी येऊ नका असं म्हटलं होतं. ते आले. म्हणाले, काम बिघडलं तर गिऱ्हाइकाच्या पुढ्यात जावं लागतं.

पडद्यावर एक बारीक, काळी, चष्मेवाली म्हातारी आली. मागे स्वच्छ स्वयंपाकघर. तिला वाटलं, विमानाची वेळ सांगायला फोन केलाय. हसत होती. लीनाने सांगितलं. सांगता सांगता रडायला लागली, तेव्हा उरलेलं मी सांगितलं. इंग्रजीत, नीट वाक्यं करून. एका कारागिराने प्रेमापोटी, न कळत, असं काहीसं. तिथेही मी माझं नाव घेतलं नाही.

व्हर्नेलने पडद्याजवळ सरकून दीनानाथांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, त्यांनी असं का केलं? मी दीनानाथांना विचारलं.

"आवशीची वस्तू चेडवाक मळकी कशी दिवची?" ते म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं. तिने मान हलवली.

मग तिने विचारलं, माझ्या आईचा आवाज ऐकलेला जगात हा एकच माणूस आहे ना? त्यांना थोडं गाऊन दाखवायला सांगाल? कसंही चालेल.

दीनानाथ ताठ बसले. डोळे मिटले. वीस वर्षांचे शुक्रवार त्यांनी ते गाणं ऐकलं होतं. पहिला सूर लागला, दुसरा लागला, आणि तिसऱ्याला तो वाकडा होऊन नेरूरच्या देवळातल्या भजनात शिरला. ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. शब्द तर कधी कळलेच नव्हते, सूर होता तोही आता हाताला लागत नव्हता. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता आ केला आणि काहीच आलं नाही. "काल होता," ते मला म्हणाले. "देवाशप्पथ वयनी, काल होता." घाम टेबलावर पडला. त्यांनी तो बाहीने पुसला.

"त्यांना म्हणावं, राहू दे," व्हर्नेल म्हणाली. मग चष्मा काढून ती जे बोलली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आईचा आवाज नसण्याची मला सवय झाली होती. चाळीस वर्षं शोधलं, मग सोडून दिलं, आणि त्यानंतर माझं बरं चाललं होतं. रात्री झोप लागत होती. तुम्ही लिहिलं नसतंत, तर मी तशीच गेले असते. आता या चार महिन्यांत मी रोज रात्री तो आवाज मनात तयार केला आहे, आणि तो खोटा आहे हे मला माहीत आहे, आणि तो आता जात नाही. तुमचं कुणाचं काही वाईट व्हावं असं मी म्हणत नाही. पण मला पुन्हा लिहू नका."

पडदा काळा झाला. लीना उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रितेश तिच्या मागे गेला. टेबलाशी आम्ही दोघंच उरलो.

"काय म्हणाली?" दीनानाथांनी विचारलं.

"म्हणाली, थँक यू."

त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थँक यू येवढो मोठो आसता, वयनी?" ते म्हणाले, आणि पिशवी उचलून चपला घालायला वाकले.